बंद मागांचा मार्च

मार्च निम्मा सरला की आमच्या वडगावात एक गंमत होते. एरवी सकाळपासून खटाखट चालणारे माग एखाद्या गल्लीत दुपारी एकदम थांबतात. वीज गेलेली नसते, सूत संपलेलं नसतं, सणवार तर मुळीच नसतो. नवा माणूस असला तर घाबरून विचारतो, 'कोण गेलं काय हो?' त्याला सांगावं लागतं, कुणी गेलेलं नाही बाबा, गल्लीत कुणाचं तरी पोर दहावीला आहे.

हा आमच्याकडचा रिवाज. कधी सुरू झाला, कुणी सुरू केला, कुणालाच माहीत नाही. परीक्षेच्या आधीपासून, दुपारी दोन ते सहा, त्या घरातला माग बंद आणि आजूबाजूच्या घरांतलेही बंद. विणकराला हातावर हात ठेवून बसणं किती जड जातं ते मी लहानपणापासून बघितलंय. तरी लोक बसतात, आणि वर शेजारच्या गल्लीत मिरवून येतात, 'आमच्यात पोरगी दहावीला हाय, माग बंद ठेवलाय आम्ही.'

यंदाही थांबले. शाळा सुटून घरी येत होते तर विणकर कल्लाप्पाअण्णांच्या गल्लीत सगळं चिडीचूप. सवयीनं माझीही पावलं हळू पडू लागली. कोपऱ्यावर नंदगडकडची एक बाई काजूची बोंडं घेऊन बसली होती. पिकल्या बोंडांचा तो गोड, घशाला खवखवणारा वास आला, आणि बास! मी पुन्हा तेरा वर्षांची झाले. आता चाळिशीला टेकलेली हायस्कूलची बाई भर रस्त्यात डोळे पुसायला लागली तर लोक काय म्हणतील? म्हणून उगीच चार बोंडं घेतली आणि घर गाठलं.

आमच्या घरात तेव्हा एकच माग होता. पुढच्या खोलीत. आप्पा तो चालवायचे, आणि आई, मी, आक्का मिळून कांड्या भरायचो. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची छोटी नळी. एक संपली की दुसरी तयार लागते, नाहीतर आप्पा तिथूनच ओरडायचे. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कांड्या भरण्यात पटाईत आणि अभ्यासात त्याहून. वर्गात पहिली यायची ती, दरवर्षी, आणि त्याचं तिला काही विशेष वाटायचं नाही.

तिची अभ्यासाची जागा मागाच्या शेजारी. सुताच्या पोत्यावर मांडी ठोकायची, भिंतीला पाठ लावायची, आणि मागाच्या ठेक्यावर मोठ्यानं पाठांतर. अन्ननलिका, खट्, जठर, खट्, लहान आतडं, खट्, मोठं आतडं, खट्! आप्पा हसायचे. म्हणायचे, 'पोरी, जरा थांब की गं, माझ्या साडीत आतडी विणली जातील.' ती थांबायची नाही. आणखी मोठ्यानं म्हणायची.

कांडी संपली की माग थांबायचा. आप्पा धोट्यात नवी कांडी घालेपर्यंत आक्काचा आवाज खोलीत एकटाच राहायचा. बारीक, जरासा नाकातला. मग माग पुन्हा सुरू व्हायचा आणि तो आवाज त्यात बुडून जायचा. मला सगळ्यात जास्त काय हवंहवंसं वाटतं असं कुणी विचारलं, तर मी तेवढाच आवाज मागून घेईन. दुसरं काही नको.

आक्का दहावीला गेली त्या मार्चमध्ये आप्पांनी माग बंद ठेवला. समोरच्यांनी ठेवला, दोन्ही बाजूंच्यांनी ठेवला. आमच्या गल्लीतून पहिल्यांदाच कुणीतरी मोठे मार्क पाडणार म्हणून सगळ्यांनाच चेव आला होता. आईनं तर कमालच केली. शिट्टी नको म्हणून कुकर माळ्यावर ठेवला आणि भात उघड्या पातेल्यात शिजवायला लागली. फोडणीचा चर्र आवाज होतो म्हणून आमटी पांचट. मांजर आलं तर आप्पा नुसते हात हलवायचे, आणि मांजर त्यांच्याकडं बघत बसायचं.

मी मात्र खूश होते. आता लपवून काय करायचं? माग बंद म्हणजे कांड्या बंद. दुपारभर मोकळी. मागच्या सोप्यात शहाबादी फरशीवर मी गजगे खेळत बसायची. सागरगोट्यांना आमच्याकडं गजगे म्हणतात. माझे पाच गजगे बेळगुंदीच्या मामाच्या कुंपणावरचे, राखाडी, गुळगुळीत, खेळून खेळून चकाकलेले. टक् करून फरशीवर टाकायचे, एक हवेत उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे, आधी एकेक, मग दोनदोन. दुपारी चार तास मी तेवढंच करायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी आक्का सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पुस्तक, त्यात बोट घालून ठेवलेलं. म्हणाली, 'शालू, आप्पांना सांग की गं, माग चालू करा म्हणून. मला लई भ्या वाटतंय. कानात आपलंच काळीज वाजतंय नुसतं.'

मी म्हटलं, 'सांगते.'

सांगितलं नाही. सगळी गल्ली हिच्यासाठी गप्प बसलेली, आणि मी तेरा वर्षांची पोर जाऊन आप्पांना सांगू, की तिला ते नको आहे? भीती वाटली. ती तशी खरीच होती. पण त्या भीतीच्या मागं दुसरंही होतं. माग चालू झाला असता तर मला कांड्यांवर बसावं लागलं असतं. हे मी कुणाला कधी बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आक्कानं पुन्हा विचारलं नाही. एकच पान धरून बसायची. भर मार्चात तिचे हात गार पडायचे. ताटातला भात तसाच. आई म्हणाली दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शाळेतल्या सरांना आप्पांनी विचारलं तर ते म्हणाले, हुशार मुलांना टेन्शन असायचंच. सगळे तिची काळजीच करत होते हो. इतकी माया मी पुन्हा कुठल्या घरात बघितली नाही. फक्त तुला काय होतंय, असं तिला कुणी विचारलं नाही.

पहिले दोन पेपर तिनं दिले. तिसरा गणिताचा. सकाळी गणवेश घालून, दोन वेण्या लाल रिबिनीत बांधून, हॉल तिकीट हातात घेऊन ती उंबऱ्यावर बसली आणि उठेचना. आप्पा म्हणाले, 'चल गं बाळ.' ती म्हणाली, 'आप्पा, पाय माझे न्हाईत.' आप्पांनी समजावलं, मग रागावले, मग त्या कणखर माणसानं आपल्या सोळा वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले. शेजारचे कुणीतरी म्हणाले, नाटकं हायत, एक द्या ठेवून. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. शाळा आमच्या घरापासून काही लांब नव्हती, पण मागांच्या आवाजात सकाळची घंटा आम्हाला कधीच ऐकू आली नव्हती. त्या दिवशी पेपरासाठी सगळ्यांनी सकाळीही माग बंद ठेवले होते. घंटा स्वच्छ ऐकू आली. आक्कानं डोळे मिटून घेतले.

मग काय! 'डोक्यावर परिणाम' हे दोन शब्द गल्लीत कुजबुजत फिरले. तिला हवापालटाला बेळगुंदीला मामाकडं ठेवलं. शाळेतून कुणी चौकशीला आलं नाही. पुढच्या वर्षी परीक्षेचं नावही घरात निघालं नाही, आणि आक्का मुकाट्यानं कांड्या भरायला बसली. काही वर्षांनी निपाणीचं स्थळ आलं. भाऊजी भला माणूस, तिला फुलासारखं जपलं त्यांनी. संसार नीट आहे. पण ती आक्का परत आली नाही. पाठांतर तर सोडाच, साधं बोलणंही मोजकं. फोन केला की, 'बरं हाय. तू बरी हाईस न्हवं?' आणि मग गप्प. मीच पाऊसपाणी, भाजी, पोरंबाळं असलं काहीबाही बोलत राहते.

आप्पा जाण्याआधी एकदा कट्ट्यावर बसले होते. माग केव्हाच विकून टाकला होता. एकदम म्हणाले, 'हजार धाग्यांतला एक तुटला तरी मला आवाजावरनं कळायचं, शालन. पोरीचं न्हाय कळलं.' मला कळलं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच असेल, आमच्या शाळेत मुलांच्या मनाविषयी काहीतरी करायचं ठरलं तेव्हा मी हात वर केला. बाकी कुणी करतही नव्हतं म्हणा! चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. शनिवारचा शेवटचा तास मिळाला आणि जागा म्हणून शिवणकामाची खोली, कारण दुसरी रिकामी नव्हती. हेडसर म्हणाले, 'बाई, दहावीचा पोर्शन संपलाय न्हवं? मग काय बोलायचं ते बोला.' पहिले दोन शनिवार मुली ओठ शिवल्यासारख्या बसल्या. तिसऱ्या शनिवारी मी घरून माझे गजगे नेले. मुली खेळायला लागल्या. हात गुंतले की तोंडं उघडतात, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. एकीनं गजगे उडवता उडवता सांगितलं, की निकालाच्या आदल्या दिवसापासून तिचं पोट दुखतं. दुसरी म्हणाली, अय्या, माझं पण! तेव्हापासून ते गजगे शिवणाच्या खोलीतल्या बटणांच्या डब्यातच असतात. शिवाय सरकारी दवाखान्यातल्या एक समुपदेशक बाई पंधरा दिवसांतून एकदा येतात. मुलं त्यांच्याशी एकेकटी बोलतात.

यंदा त्या खोलीत अर्चना यायची. कल्लाप्पाअण्णांची मुलगी. हुशार, शांत, गजगे हातात घ्यायची पण खेळायची नाही. प्रिपरेटरी म्हणजे सराव परीक्षेत तिनं विज्ञानाचा पेपर निम्मा कोरा दिला. मी विचारलं तर, 'काय न्हाय बाई.' तशात त्यांच्या गल्लीतले माग बंद झाले, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हीच ती शांतता! मी तरातरा कल्लाप्पाअण्णांच्या घरी गेले. म्हटलं, 'अण्णा, माग चालू करा.'

ते माझ्याकडं बघतच राहिले. 'बाई, तुम्ही बाई असून असं सांगताय व्हय? पोरीचा अभ्यास हाय की.'

'म्हणूनच सांगते. मागाच्या आवाजात वाढलेलं पोर आहे. शांततेनं जीव घाबरतो तिचा.'

बाईंचा शब्द म्हणून त्या भल्या माणसानं मान डोलावली. घरी आले ती तरंगतच आले. पंचवीस वर्षांपूर्वीचा निरोप आज पोचवला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्चना शिवणाच्या खोलीत माझ्यासमोर उभी. डोळे सुजलेले. 'बाई, तुम्ही सांगितलासा व्हय माग चालू करायला? तेवढी दुपारची शांतता मिळत होती ओ मला. आता ती पण गेली.'

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी आक्काचं औषध हिला पाजून आले होते. हिला काय होतंय ते न विचारता! प्रशिक्षण घेतलेली मी, आणि केलं काय, तर जे आमच्या गल्लीनं केलं तेच. मी दार लोटलं, तिला समोर बसवलं, बटणांचा डबा मध्ये ठेवला आणि म्हटलं, 'चुकलं माझं. आता तूच सांग. मी काही बोलत नाही.'

तिनं बराच वेळ गजगे चाळवले. मग म्हणाली, 'प्रिपरेटरीला पेपर हातात आला आणि छातीत धडधडायला लागलं. अक्षरं हलायला लागली. घाम. आता रोज सकाळी तसंच होतंय. घरात सांगितलं न्हाय. बाई, माझ्या आत्तीला येडी म्हणत्यात सगळी. मला पण येड लागतंय काय हो?'

एवढं ओझं घेऊन ही पोर दोन महिने माझ्यासमोर बसत होती. मी तिचा हात धरला. गार होता. मी म्हटलं, 'नाही गं बाळ. घाबरलंय तुझं अंग. त्याला येड म्हणत नाहीत. आपण नीट विचारू या, चल.'

कल्लाप्पाअण्णांना राजी करणं सोपं गेलं नाही. 'दवाखान्यातल्या बाई? गल्लीत कळलं तर पोरीचं कसं व्हायचं?' मी म्हटलं, 'अण्णा, धागा तुटला तर तुम्ही माग थांबवून जोडताच की. लपवून तसंच विणता काय?' त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. मग म्हणाले, 'मी पण येऊ काय संगट?' आणि आले. समुपदेशक बाईंनी अर्चनाला समजावलं, की भीती आली की शरीर असं का वागतं, श्वास कसा सोडायचा, पेपर हातात आल्यावर आधी काय करायचं. हेडसरांनी केंद्रावरच्या पर्यवेक्षकांच्या कानावर घातलं, की ही मुलगी दोन मिनिटं डोळे मिटून बसली तर ओरडू नका. पोर्शनवाले हेडसर! माणसाचं काही सांगता येत नाही. आणि दुपारचा माग अर्थातच पुन्हा बंद झाला.

आज गणिताचा पेपर. केंद्र आमच्याच शाळेत. अर्चना फाटकाशी थांबली, तोंड फुगवून लांब श्वास सोडला, मला बघून जरा हसली आणि आत गेली. घंटा झाली. माझ्याकडं पर्यवेक्षण नव्हतं. शिवणाच्या खोलीत एकटीच बसले होते. आणि मनात आलं, की अर्चनाला मी विचारलं तरी. आक्काला? शांततेनं तिचा घात केला, हे पंचवीस वर्षं मीच ठरवून टाकलं होतं. तिला कुठं विचारलं होतं?

फोन लावला. 'आक्का, बरी हाईस?'

'बरं हाय. तू बरी हाईस न्हवं?'

पाऊसपाण्याचं बोलणं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. 'आक्का, दहावीच्या वेळी तुला काय होत होतं गं? मी कधी विचारलंच नाही. आणि तू मला आप्पांना सांगायला सांगितलं होतंस, माग चालू करा म्हणून. मी सांगितलं नाही गं. मी गजगे खेळत बसले.'

पलीकडं निपाणीत कुणाचा तरी कुकर वाजला. मला वाटलं, ती आता फोन ठेवणार.

'ठाऊक हाय की,' ती म्हणाली. 'ऐकू यायचं न्हवं.'

'राग नाही आला?'

'राग कशाचा? अगं, घरात तेवढाच तर आवाज व्हता. तू मागं सोप्यात टाकायचीस, मी पुढच्या खोलीत ऐकायची. त्याच्यावरच पाठ करायची मी. कुठला गजगा सुटला ते पण कळायचं मला. दोन पेपर तसंच दिले बघ.'

मी विचारलं, 'आणि गणिताच्या दिवशी?'

'त्या दिवशी सकाळी आईनं तुझे गजगे पदराला बांधून ठेवले. आज गणित हाय, आज गप बस म्हणाली तुला. तुला न्हाय आठवत?'

मला आठवत नव्हतं. मला माझं खेळणंच तेवढं आठवत होतं. रडू यायला लागलं, आणि या वेळी मी ते आवरलं नाही. आक्का फोन धरून होती.

मी फोन फरशीवर ठेवला, आवाज मोठा केला, आणि बटणांच्या डब्यातून ते पाच गजगे काढले. बेळगुंदीच्या कुंपणावरचेच. खाली बसायला गुडघे कुरकुरले. टाकले. टक्, टक्, टक्. एक उडवला, एक उचलला. झेलला.

'ऐकू येतंय?' मी विचारलं.

मग फोनमधून आवाज आला. बारीक, जरासा नाकातला, एकटाच.

'आता दोन उचल.'